पूर्वीचा पत्ता

१९६० च्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या अल्जीरियन कामगाराला दोन जर्मन पोलीस घेऊन गेले. मी तेव्हा दाढी करत होतो.

खोली स्टुटगार्टच्या उत्तरेला, त्सुफेनहाउझेनच्या पुढच्या एका वस्तीत होती. पुण्यातल्या दैनिकात तीन वर्षं उपसंपादकी करून मी मुद्रणतंत्र शिकायला आलो होतो. तो ओतकामाच्या कारखान्यात होता. फ्रान्सच्या लेखी अल्जीरिया ही वसाहत नव्हती, फ्रान्सचाच भाग होता. त्यामुळे त्याच्या ओळखपत्रावर तो फ्रेंच होता. फ्रान्समधल्या लियों शहरात त्याने स्वातंत्र्यवाद्यांची पत्रकं वाटली होती. बरोबरचे दोघे पकडले गेले तेव्हा तो सीमा ओलांडून आला. परत पाठवलं तर तुरुंग, हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

जर्मनीत घर बदललं की सरकारदरबारी नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "शनिवारच्या आत नोंद नाही, तर खोली नाही."

त्याला जर्मन लिहिता येत नव्हतं. फॉर्म मी भरायला घेतला. 'पूर्वीचा पत्ता' या रकान्यापाशी तो म्हणाला, "ते सोड."

"रिकामं चालत नाही."

"मग ट्युनिस लिही."

"तू ट्युनिसला कधी राहिलास?"

तो हसला. "संपादकसाहेब, इंग्रजांनी तुम्हाला रांगेत उभं राहायला छान शिकवलं. जाताना तेवढं परत न्यायचं विसरले."

कारखान्यातल्या पाळीची वेळ झाली होती. त्याने फॉर्मखाली आधीच सही केली आणि कोट चढवला. जिन्यातून पुन्हा ओरडला, "ट्युनिस!"

आमच्या दैनिकात बातमीतलं गाव चुकलं की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागे, आणि तो ज्याची चूक त्यानेच लिहायचा. शिवाय रांगेचा टोमणा मला लागला होता. त्याच्या जुन्या पत्रांच्या पाकिटांवर लियोंचा पत्ता होता. मी तो रस्त्याच्या नावासह, घर क्रमांकासह उतरवला. संध्याकाळी त्याने विचारलं, "झालं काम?" मी म्हणालो, "झालं."

तीन आठवड्यांनी पोलीस आले. त्यातल्या एकाने हातातल्या कागदावरून तोच रस्ता, तोच घर क्रमांक मोठ्याने वाचला आणि विचारलं, "तिथे राहणारे तुम्हीच का?"

त्याने पोलिसांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "वा, संपादकसाहेब," तो म्हणाला, "एकही चूक नाही."

माझ्या अर्ध्या गालावर साबण होता.

दोन दिवसांनी ठाण्यात सांगण्यात आलं की फ्रेंच नागरिक सीमेवरच्या केलच्या पुलावर फ्रान्सच्या हवाली केला आहे. पोलिसांना तो त्या फॉर्मवरूनच सापडला की फ्रान्सकडून नाव आलं होतं, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. तेव्हा तो कुठे होता, जिवंत होता का, याची खात्री मला करता आली नाही.

खात्रीचं आहे ते त्याच आठवड्यातलं. त्याने खोली सोडल्याचीही नोंद लागते म्हणून मालकीणबाईंनी दुसरा फॉर्म आणून दिला. त्यात 'नवा पत्ता' असा रकाना होता. मी तो रिकामा ठेवला. कारकुनाने फॉर्म वरून खालपर्यंत पाहिला, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.