रंग कुणी बघितला?

आणे गावचे रखमाजी लोहार म्हणजे माझे मामा. पहारीला पाणी द्यावं तर त्यांनीच. तापल्या लोखंडाचा रंग बघून ते पहार पाण्यात घालायचे, की टोक कडक. एखादी मोडलीच, तर माणूस ती त्यांच्याच दारात आणून आपटायचा, वर शिव्या वेगळ्या.

नव्याण्णव साली त्यांच्या मुलानं, सुदर्शननं आम्हाला पेठ गावाजवळचा, तो कामाला होता तो कारखाना दाखवला. तांब्याच्या वेटोळ्यात त्यानं ट्रकची जाड पिन ठेवली आणि बटण दाबलं. भट्टी नाही, भाता नाही, जाळ नाही. तरी पिन बघता बघता लाल झाली, वरून पाण्याचे फवारे आले आणि काम संपलं. मला तर काहीच कळलं नाही.

"रंग कुणी बघितला?" मामा खेकसले.

"बघायचा कशाला, आबा? टाइम लावलाय."

मामांनी गार पिनेवर कानस ओढली. ती नुसती घसरली, ओरखडाही नाही. पाणी चोख बसलं होतं. मामा जास्तच गोंधळले.

"आरं, पन ही मोडली तर ट्रकच्या मालकानं आपटायची कुनाच्या दारात?"

सुदर्शननं दुसरी पिन लावली, बटण दाबलं आणि वाकून तिचा रंग बघत राहिला.