चुलीमागची जागा

हुसेन मिस्त्री गेल्याचं मला चाकणच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. चिंचवडच्या शाळेतून मी घरी निघालो होतो. थांब्यावर बस उभी होती. तिकिटांची पेटी काखेत धरून तो खाली उतरला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे मिस्त्री परवा वारले. छातीचंच दुखणं. माती बी परवाच दिली." मला ठाऊक असेल असं त्याला वाटलं होतं. मी "अरेरे" म्हणालो आणि चालू लागलो... त्या क्षणी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण हा लेख मी लाज राखण्यासाठी लिहीत नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं. दुःख त्यानंतर आलं, आणि सात आठवडे झाले तरी ते गेलेलं नाही.

आमची ओळख महाळुंग्याची. मी तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो तेव्हा विहिरींवर ऑइल इंजिनं नुकती बसू लागली होती आणि ती दुरुस्त करणारा आसपासच्या दहा गावांत हुसेन एकटा. राहायचा चाकणला, सायकलच्या मागे पान्यांची पिशवी बांधून गावोगाव फिरायचा. बिघडलेल्या इंजिनाजवळ बसून डोळे मिटून ऐकायचा आणि मालकाला सांगायचा, "हिला सर्दी झालीया, दुसरं काय न्हाई." त्याला वाचता येत नव्हतं. इंजिनाबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेऊन तो एकदा शाळेत आला. "मास्तर, ह्या चित्रांखाली काय लिवलंय तेवढं शिकवा." एका हिवाळ्यात तो वाचायला शिकला. ईदेला मी त्याच्या घरी जायचो, ओसरीवर बसून शिरखुर्मा खायचो. ओसरीपर्यंतच. मी स्वतःला फार सुधारलेला समजत असे, तरी त्याच्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि तो विषयही आमच्यात कधी निघाला नव्हता.

स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील. बाजारातला कांद्याचा एक अडत्या आपल्या मळ्यात विहिरीपाशी मेलेला सापडला. डोकं फुटलेलं. आदल्या दिवशी हुसेन तिथं इंजिन खोलून बसला होता आणि दोघांची बाचाबाची गड्यांनी ऐकली होती. इंजिन इतकं रेटू नका, एवढाच तो वाद. पण पोलिसांना तेवढं पुरलं. दोन दिवसांनी मला ठाण्यात बोलावणं आलं. फौजदारांनी खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर फडक्यात गुंडाळलेला एक मोठा पाना होता.

"आरोपीच्या घरात सापडला. पंच म्हणून तुमची सही लागेल," ते म्हणाले.

"पण साहेब, मी घरात आलो नव्हतो."

"आम्ही गेलो होतो ना? मास्तर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या सहीला कोर्टात वजन असतं."

पंचनाम्यात लिहिलं होतं की पाना चुलीच्या मागे, गोणपाटाखाली, पंचांसमक्ष मिळाला. मी सही केली. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भ्यालो. ते खरं नाही. मला खुर्ची दिली होती, शिकलेला म्हटलं होतं. मी खुशीत सही केली, आणि वळणदार केली.

कोर्टात बचावाच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही स्वतः आत गेलात?" मी म्हणालो, "होय." "पाना कुठे होता?" मी पाठ केल्यासारखं म्हणालो, "चुलीच्या मागे, गोणपाटाखाली." तेव्हा पिंजऱ्यातून हुसेन मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, आमची चूल भिंतीला लागून हाय. मागं जागाच न्हाई!" त्याला गप्प बसवलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. समोरच्या खिडकीचे गज मोजत राहिलो. त्याला जन्मठेप झाली.

तुरुंगात त्यानं एकच हट्ट धरला. दयेच्या अर्जावर 'माझ्या हातून गुन्हा झाला' असं छापलेलं होतं; त्याखाली तो सही करीना. 'केलं न्हाई तर सही कशी करू?' असं तो प्रत्येक साहेबाला विचारायचा. पुढे कामालाही नाही म्हणाला. एकदा झटापटीत वॉर्डर पडला आणि हुसेनला एकट्याच्या कोठडीत टाकलं. साडेचार वर्षं तो तिथं होता. दिवसातून एकदा दार उघडे, तेही बोलण्यासाठी नाही.

आणि या सगळ्या काळात त्याला जाणारी पत्रं मी लिहीत होतो! त्याची बायको, हमीदाभाभी, दोनतीन महिन्यांनी शाळेत यायची, व्हरांड्यात दूर बसायची आणि मजकूर सांगायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी म्हणालो, "भाभी, मी... मी लिहू?" ती म्हणाली, "दुसरं लिवनारं कोन हाय हितं?" शेळी व्याली, भिंत लिंपली, तब्येत सांभाळा... असली ती पत्रं. मी एका शब्दानं अधिकउणं लिहिलं नाही. तिला सगळं माहीत होतं, तरी ती येत राहिली, कारण नवऱ्यापर्यंत पोचायला तिच्यापाशी माझ्याच हाताचा रस्ता होता.

खरा खुनी दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला. अडत्याचा भाचाच तो. मामाचं चोरलेलं घड्याळ त्याच्या घरात मिळालं आणि त्यानं सगळं कबूल केलं. सात वर्षांनी हुसेनला सोडलं. तोवर माझी बदली चिंचवडला झाली होती. त्याच्याकडे जायला मला महिना लागला.

मला बघून तो हसला. दात गेले होते, आवाज कुजबुजल्यासारखा झाला होता. मी सवयीनं ओसरीवर टेकायला गेलो तर म्हणाला, "आज आत या, मास्तर." मला थेट स्वयंपाकघरात नेलं, पाट मांडला. समोर चूल होती, भिंतीला चिकटून. मागे बोटसुद्धा गेलं नसतं.

"हुसेन," मी म्हणालो, "मी त्या दिवशी आलोच नव्हतो. ठाण्यातच सही केली."

"म्हाईत हाय." त्यानं चुलीच्या कडेवरून हात फिरवला. मग सावकाश म्हणाला, "कोठडीत मी रोज तुमाला आनायचो हितं. तुमी वहाणा काढताय, वाकून आत येताय, हमीदा पाट देतीय. तुमी चुलीकडं बघताय आनि फौजदाराला म्हनताय, साहेब, हितं तर जागाच न्हाई. एवढं झालं की मला झोप यायची." मग म्हणाला, "पत्रावर तुमचं अक्षर बघून बरं वाटायचं. आनि राग बी लई यायचा. दोनी एकदम."

मी रडलो. तो नाही रडला. उठताना त्यानं माझा हात धरला. "हे मला तोंडी सांगितलं, बरं झालं. पन कुटंतरी लिवून द्या, मास्तर. लोक अजून म्हनत्यात, पाना तर घरातच घावला व्हता."

मी कबूल केलं. त्यानंतर तो दोन वर्षं जगला आणि मी लिहून दिलं नाही. आधी मुलीचं लग्न ठरत होतं, मग हेडमास्तरची जागा मिळायची होती. खोटी साक्ष दिल्याचं लिहून देणाऱ्याला ती कोण देणार? त्याच्यासाठी दुसरी धावपळ मात्र मी फार केली. पिंपरीला नवे कारखाने उभे राहात होते. तिथं ओळखीनं त्याला फिटरचं काम मिळवून दिलं. पहिल्याच शिफ्टला त्यानं दोन इंजिनिअरांना न सापडलेला बिघाड नुसत्या कानानं ओळखला. दुपारी फाटक खडकन् लागलं, तसा तो हत्यारं खाली ठेवून भिंतीशी उभा राहिला, हात मागे बांधून. परत गेला नाही.

लांबचं त्याला नीट दिसत नसे. इतकी वर्षं नजर चार हातांपलीकडे गेलीच नव्हती. रस्ता ओलांडताना विचारायचा, "बस जवळ हाय का लांब?" मी सांगेन तेव्हा पाऊल टाकायचा. माझ्या शब्दावर! लिहून देण्याचं त्यानं पुन्हा एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चिडलो तरी असतो.

तो गेल्यावर मी सगळं कागदावर उतरवलं आणि कोर्टात नेलं. कारकून भला माणूस होता. कागद वाचून म्हणाला, "गुरुजी, प्रकरण निकालात निघालंय, माणूस सुटलाय, आता वारलाय. हे कशाला जोडू?" म्हणून ते इथं लिहितो आहे. यामुळे माझ्यावर जे यायचं असेल ते येवो.

हा मजकूर छापायला देण्याआधी गेल्या रविवारी चाकणला जाऊन मी हमीदाभाभींना वाचून दाखवला. ओसरीच्या खांबाला टेकून त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "त्येंनी तुमाला माफ केलं. ते त्येंचं. माझं इचारू नका."

मी कागदांची घडी करून खिशात ठेवली. ऊन तापलं होतं. त्या उठल्या, माझ्यासाठी पाणी आणायला आत निघाल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. खाट होती, वर घडी केलेलं कांबळं. तुरुंगातून आल्यापासून अचानक कुणी समोर आलं की हुसेन दचकून भिंतीशी सरकत असे, म्हणून आत जाण्याआधी त्या बाहेरून आवाज देत असत. मघापेक्षा अगदी वेगळ्या, मऊ आवाजात त्या रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "मी हाय... आत येतीया." क्षणभर थांबल्या, आणि मग आत गेल्या.