सत्तावीस स्लाइड्सचा स्वीडन

आमच्या घरात मोठे निर्णय चर्चेने होतात. म्हणजे आधी नवरा आणि मी निर्णय घेतो आणि मग चर्चा ठेवतो. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याचा अमेरिकेचा व्हिसा पुढे वाढण्याची आशा मावळली आणि कंपनीने त्याला स्टॉकहोमच्या ऑफिसात बदली देऊ केली. त्याने तीन दिवसांत होकार कळवला. मीही मान डोलावली. उरली सातवीतली लेक. तिला ‘विश्वासात घ्यायला’ त्याने रविवारी दुपारी लॅपटॉप टीव्हीला जोडला. सत्तावीस स्लाइड्स होत्या. आमच्या या रेडमंडमध्ये, सॉफ्टवेअरवाल्यांच्या गावात, माणसं भांडायचं असलं तरी आधी स्लाइड्स करतात.

पहिल्या स्लाइडवर स्वीडनचा नकाशा होता. पश्चिमेला डोंगर, पलीकडे नॉर्वे, पूर्वेला बाल्टिक समुद्र, आणि पार उत्तरेला हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. हा शेवटचा मुद्दा ‘फायदे’ या मथळ्याखाली का होता, हे मला अजून कळलेलं नाही. इथल्या पावसात आपल्याला सूर्याची सवय उरलेली नाही, असा त्याचा तर्क असावा.

मग शहरं आली. स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलंय, हे त्याने असं सांगितलं, जणू मधले पूल यानेच बांधलेत. गोथेनबर्ग म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. माल्मो तर पुलाने थेट डेन्मार्कला जोडलेलं. “सकाळी माल्मो, दुपारी कोपनहेगन!” तो म्हणाला. आम्ही चौदा वर्षांत गाडीने अडीच तासांवरच्या कॅनडाला गेलो नव्हतो, परत अमेरिकेत घेतील की नाही या धास्तीने. एकोणिसावी स्लाइड मात्र माझी होती: कढीपत्ता कुठे मिळतो. शहाणपणात मीही काही कमी नाही.

“आणि हे किरुना,” तो रंगात आला होता. “खाली लोखंडाची खाण आहे. जमीन खचायला लागली, म्हणून अख्खं गावच शिफ्ट करतायत. चर्चसुद्धा उचलून चाकांवर नेलं. कूल ना?”

“डिड दे आस्क द पीपल?” लेकीने विचारलं.

“गुड क्वेश्चन. शेवटी घेऊ.”

शेवटच्या स्लाइडवर ‘प्रश्न?’ असं लिहिलेलं होतं. ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

“बाबा, तू ऑलरेडी यस म्हणालायस?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो. आम्ही दोघांनी मिळून.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, रडण्यावर माझ्याकडे उपाय होते.

“माझा पासपोर्ट अमेरिकन आहे ना?”

“हो, बाळा.”

“मग आय ॲम द ओन्ली वन हू डझन्ट हॅव टू गो.”

नवऱ्याने घाईघाईने परत स्टॉकहोमचं चित्र लावलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. या खोलीत ज्या एकटीला इथे राहायचा हक्क होता, तिलाच आम्ही काही विचारलं नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“येशील ना आमच्याबरोबर?”

“यायलाच लागेल, आई,” ती म्हणाली. “आय ॲम ट्वेल्व्ह.”