विहारासमोरचा बोअर

"मॅडम, सॅण्डस्टोन लागला ना? मग रिग कायले थांबवली?" फोनवर साहेब चिडले होते.

मारेगाव तालुक्यातलं एक गाव. तिथल्या बौद्ध वस्तीत, विहारासमोर आमच्या रिगनं, म्हणजे खोदायच्या मशीननं, बोअर पाडणं चालू होतं. पिवळट वाळूचा चुरा वर येत होता, पाणी नव्हतं. सॅण्डस्टोन म्हणजे वालुकाश्म. त्याच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी साठतं, म्हणून तो लागला की आम्ही भूजलवाले खूश होतो. नाल्यापलीकडच्या विहिरीत असाच पिवळा दगड आहे आणि तिचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. म्हणून साहेबांचा हुकूम होता, अजून खाली जा.

रिगवाला म्हणाला, "बिट घासली मॅडम, म्हणून स्लो चालून राह्यली." बिट म्हणजे दगड फोडणारं पुढचं टोक. ते बदललं, तरी वेग तोच. तिथं मला शंका आली, हा दगड विहिरीतल्यापेक्षा कठीण, वेगळाच असावा.

दोन्हीकडचे नमुने घेऊन मी यवतमाळला लॅबमध्ये आले. वाळू धुऊन, चाळून एका जड द्रवात टाकतात. साधी वाळू तरंगते, जड खनिजांचे चिमूटभर दाणे तळाशी बसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी ही वाळू कसल्या डोंगरातून वाहत आली, ते या चिमटीवरून ताडता येतं.

विहिरीच्या दगडात फिकट गुलाबी गार्नेट होतं, धारदार कडांचं. म्हणजे वाळू थेट डोंगरातून आलेली. बोअरच्या चुऱ्यात गार्नेटचा दाणा नाही. फक्त झिरकॉन आणि टूर्मलीन, गोट्यांसारखे गोल. ही चिवट खनिजं. एका जुन्या वालुकाश्मातून सुटून पुन्हा वाहिलेली दिसत होती.

रंग एक, दगड दोन. विहाराखालचा फार जुना, फटी बुजलेला. नाल्याच्या रेषेत जमीन कधीतरी तुटून पलीकडची बाजू खचली, म्हणून हे दोघे शेजारी झाले. इथं आणखी खोल जाऊन उपयोग नव्हता.

साहेबांना पटलं. ताराबाईंना सांगणं बाकी होतं, त्यासाठी पुन्हा गावात गेले. त्या विहार समितीच्या अध्यक्ष. या बोअरसाठी ऑफिसचे खेटे त्यांनीच घातले होते.

"ताराबाई, इथं पाणी नाही. नाल्यापलीकडे लागेल."

त्यांनी थांबलेल्या रिगकडे हात केला.

"मॅडम, तिकडच्या विहिरीवर आमची पाण्याची गुंडी शेवटी लागते. सगळ्यायचं भरून झालं का मंग आमी. म्हणून तं इथं बोअर मागतला. अन् तुमी आमाले पुन्हा तिकडंच धाडता?"

"खालचा दगड तर बदलता येत नाही ना," मी एवढंच म्हणाले.

"दगड राहू द्या. नळाची जागा तं बदलता येते?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. बोअर पलीकडे घेऊ, पण टाकी आणि नळ विहाराच्या अंगणात.

"पाइपलाइन आपल्या स्कीममध्ये नाही."

"मग जागा बदलायच्या शिफारशीवर मी सही करत नाही, सर."

साहेब पुन्हा चिडले. मग म्हणाले, "प्रपोजल लिहून पाठवा."

पलीकडे चांगलं पाणी लागलं. पाइपलाइन मात्र रखडली, ताराबाईंना पुन्हा ऑफिस गाठावं लागलं. आता टाकी विहाराच्या अंगणात आहे. पंपाचं बटणही तिथंच. ते त्यांनी भांडून करून घेतलं.

हल्ली नव्या गावात गेले की मी आधी विचारते, पाणी सध्या कुठून आणता आणि तिथं नंबर कितवा लागतो? दगडाचे नमुने त्यानंतर घेते.