विलिमाइना कात्री देत नाही

आमच्या बेटावर मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. विलिमाइनाबद्दल चांगलं ऐकायचं तर ती मरायचीच वाट पाहावी लागली असती. कारण एकच, ती मागितलेली वस्तू देत नसे. आमच्याकडे दारू माफ होते, उधळपट्टी माफ होते, चर्चमध्ये घोरणं तर माफच आहे. पण कुणी दारात येऊन ‘केरेकेरे’ म्हणालं, म्हणजे आपलेपणाने काही मागितलं, आणि तुम्ही नाही म्हणालात, की तुमच्या नातवंडांनाही लोक त्यावरूनच ओळखतात.

बरं, ही बाई राखत काय होती? सोनं नाही, जमीन नाही. दवाखान्यातल्या कात्र्या, चिमटे आणि माझ्या दात काढायच्या पकडी. ही सगळी हत्यारं धुऊन वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची जी खोली आहे, तिची ती मालकीण. मालकीण हे मी म्हणतो, सरकार तिला मदतनीस म्हणतं. मी त्याच दवाखान्यात लोकांचे दात उपटतो. ती माझी आतेबहीण, म्हणजे माझी तवाले. तवाले एकमेकांची चेष्टा करेनासे झाले की लोक समजतात, यांचं बिनसलं. तेव्हा मी इथे जे लिहितोय ते प्रेमापोटीच.

तिच्याआधी त्या खोलीत एक फार थोर मनाची बाई होती. तिने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्या सोन्यासारख्या काळात रक्तवाहिनी धरायचा चिमटा माशाच्या तोंडातला गळ काढायला जायचा, आणि माझी अक्कलदाढेची पकड खेकडे फोडायला. माणसं प्रामाणिक, वस्तू परत आणायचीच, आणि तीही धुऊन. समुद्रात धुऊन. खाऱ्या पाण्याने पोलादाला देवी आल्यासारखे खड्डे पडायचे, आणि बोथट कात्रीने पोट उघडताना डॉक्टर जे बोलायचे ते शुद्धीवर नसलेल्या रोग्यालाही ऐकू जात असावं.

मग विलिमाइना आली आणि दवाखान्यातला आनंद संपला.

“तवाले, हा चिमटा इथे कुणी टाकला?” ती पहिल्याच आठवड्यात माझ्यावर खेकसली.

“ऊन खातोय बिचारा.”

“सांध्यात रक्त सुकलंय त्याच्या. ते आता काय तुझा बाप काढणार?”

“माझा बाप तुझा मामा लागतो. त्याला कशाला कामाला लावतेस?”

तिला हसू आलं नाही. हत्यार तोंडातून निघालं की लगेच गोड्या पाण्यात पडलं पाहिजे. सांधा उघडा ठेवूनच पडलं पाहिजे. हातात जाड मोजे, आणि ब्रश फिरवायचा तो पाण्याच्या खाली, वर फिरवला की शिंतोडे उडतात. मग स्वच्छ धुवायचं, कोरडं करायचं, भिंगाखाली दात्या-दात्यांतून बघायचं. कात्री असेल तर जुन्या हातमोज्याचं पातळ रबर कापायचं, टोकाशी जरा अडखळली की ती बाजूला. सांध्याला तेलाचा थेंब द्यायचा, पाकिटात बंद करायचं, आणि यंत्रातून निघाल्यावर पाकिटावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या नसतील तर सगळं पहिल्यापासून. स्वतःच्या पोरीला तिने एवढं निरखून कधी न्हाऊ घातलं नसेल.

त्या पोरीचं, किनिसिमेरेचं, लग्न ठरलं आणि बाई पेचात सापडली. आमच्याकडे नवरी बसते ती आईच्या गावच्या बायकांनी विणून आणलेल्या चटयांवर. चटयांचा ढीग जितका उंच तितकी आईला गावात किंमत. नुसत्या सिमेंटवर बसलेली नवरी आमच्या बेटावर आजवर कुणी पाहिली नाही. चटईच्या कडेला रंगीत लोकरीची झालर लावतात, आणि ती एका रेषेत कापलेली नसली तर पाहुणे जेवण सोडून तेवढंच बोलतात. दुकानातली कात्री लोकर चावत बसते. कापावी ती ऑपरेशनच्या बारीक वाकड्या कात्रीने, हे ज्ञान त्या थोर बाईने गावाला देऊन ठेवलेलं.

तसली चांगली कात्री दवाखान्यात तेव्हा एकच उरली होती. दुसरी धार लावायला मोठ्या बेटावर गेलेली, म्हणजे तिचा नाद सोडायचा.

गावच्या सरदाराची बायको, आदी लायते, स्वतः मागायला आली. “विलि, केरेकेरे. तुझ्याच पोरीच्या चटया आहेत गं. रविवारच्या आत परत देते.”

“लोकरीने धार जाते, आदी.”

“आणि चटया नसल्या तर काय काय जातं, माहिती आहे ना?”

“माहिती आहे. कात्री देत नाही.”

आदी लायते निघून गेली. मी विलिमाइनाला म्हटलं, “अभिनंदन. आता पोरीला गॉझच्या गठ्ठ्यावर बसव.” तिने धुतलेलाच चिमटा पुन्हा पाण्यात टाकला आणि घासायला घेतला.

दोन दिवसांनी गावाने तंबुआ आणला. तंबुआ म्हणजे देवमाशाचा दात, दोरीला बांधलेला. तो पुढे करून माणसं मुलगी मागतात, खुनाची माफी मागतात, लढाया थांबवतात. आमच्या गावाने तो पुढे करून कात्री मागितली. सरदाराच्या वतीने बोलणारा मेसुलामे नेसण सावरत दवाखान्याच्या ओसरीत गुडघ्यांवर बसला, मागे आदी लायते आणि बायका. माझ्या खुर्चीत गाल सुजलेला एक रोगी तोंड उघडं टाकून पडला होता. त्याला तसाच ठेवून मी बाहेर आलो. असा तमाशा रोज थोडाच असतो!

मेसुलामेने पूर्वजांपासून सुरुवात केली. वारा, समुद्र, सरदाराचं घराणं असं करत करत तो धापा टाकत कात्रीपर्यंत पोचला. तंबुआ नाकारला की माणूस गावातून उठलाच. विलिमाइनाने रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या, तो दोन्ही हातांनी घेतला, हुंगला, मान्य केला. मग आत जाऊन कात्रीचं बंद पाकीट आणलं आणि आदी लायतेच्या हातात दिलं. बायकांनी आरोळी ठोकली. मला मात्र वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

पण दिलेला तंबुआ घेणाऱ्याचा होतो. विलिमाइना तिथेच, आदी लायतेसमोर, गुडघ्यांवर बसली आणि तोच दात पुढे केला.

“आदी, माझे पूर्वज मेसुलामेला सगळे माहीत आहेत, मी त्यांत वेळ घालवत नाही. या तंबुआने मी दवाखान्यासाठी एक कात्री मागते. पाकीट उघडायच्या आत.”

मेसुलामे आढ्याकडे बघायला लागला. आदी लायतेचा चेहरा भाजलेल्या रताळ्यासारखा झाला होता, पण करते काय? तिने दात घेतला, पाकीट दिलं आणि उठता उठता म्हणाली, “छान. आता तुझी पोरगी सिमेंटवर बसेल.”

लग्नाच्या सकाळी विलिमाइनाने काय केलं असेल? ऑपरेशनच्या जुन्या हिरव्या चादरी धुऊन, इस्त्री करून, वाफेच्या यंत्रातून काढून सभागृहाच्या सिमेंटवर पसरल्या. मी म्हटलं, “वा! नवरी निर्जंतुक. नवऱ्याला मोजे घालून आत सोडायचं का?” ती म्हणाली, “तवाले, आज नको.” मग मीही वाकून चादरीची एक कडा सरळ केली. किनिसिमेरे आईकडे न बघता चादरीच्या कडेशी उभी होती.

तेवढ्यात रस्त्यावरून गाणं ऐकू आलं. गावच्या बायका आल्या, खांद्यावर चटया घेऊन. आदी लायते सगळ्यांत पुढे. त्यांनी हिरव्या चादरी पायाने बाजूला सारल्या आणि एकावर एक चटया टाकल्या, माझ्या गुडघ्याच्या वर ढीग गेला. फक्त झालर बघवत नव्हती. एक धागा लांब, एक तोकडा, टोकं पिंजलेली.

विलिमाइना सवयीने खाली वाकली आणि टोकं निरखायला लागली. “हे कशाने कापलं?”

“कापलं कुठलं? तोडलं,” आदी लायते म्हणाली. “दातांनी. सगळ्या बसलो होतो आठवडाभर. माझ्या तोंडात या तुझ्या तवालेने ठेवलेत तेवढ्या दातांनी मीही तोडलं.” मग आवाज उतरवून म्हणाली, “सिमेंटवर कशी बसवू गं तुझी पोर?”

म्हणजे त्या झालरीला अख्ख्या गावाची थुंकी लागलेली होती. माझा चिमटा दुसऱ्यांदा धुतल्याशिवाय हातात न धरणारी बाई ती. तिने ती झालर ओंजळीत घेतली, आपण लेकराला हुंगतो तशी नाकाशी नेली आणि तोंड त्यात लपवून रडली. मग पोरीला हात धरून त्या चटयांवर बसवलं.