आईचे जपानी भंतेजी

आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत पार्सिपनीला आली तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि घरात तिला करण्यासारखं काही नव्हतं. मी आणि नवरा दिवसभर मीटिंगांमध्ये. शेवटी माझ्या मुलीने आजीला टीव्हीवर एक जपानी मालिका लावून दिली. तिच्यात डोंगरावरच्या विहारातला, चीवर पांघरलेला एक तरुण भिक्खू होता. आईला जपानी येत नव्हतं आणि खालचं इंग्रजी वाचून व्हायच्या आत निघून जायचं. तरी तो भिक्खू दिसला की ती सोफ्यावरून उठायची आणि त्याचा प्रसंग संपेपर्यंत हात जोडून उभी राहायची.

एका रविवारी मुलीच्या फोनवर तिला तोच भिक्खू दिसला. अंगात चंदेरी कोट, केस जांभळे, आणि नाचत होता.

"भंतेजींनी चीवर सोडलं काहून?" आईने विचारलं.

"आजी, ही इज ॲन ॲक्टर," मुलगी म्हणाली. "ॲक्चुअली सिंगर आहे. पॉप सिंगर."

त्या दिवशी आईने टीव्ही लावला नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाली, "नाचणारा माणूस असून इतका शांत चालतो मालिकेत. मेहनत केली असंल पोरानं."

तिथून तिने त्याचं करिअर मनावर घेतलं. मुलगी तिला बातम्या वाचून दाखवायची. त्याने ग्रुप सोडून एकट्याने गायला सुरुवात केली तेव्हा आईला काळजी वाटली. मग एका सिनेमात तो खुनी झाला. आईने नागपूरला महिला मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं की ते फक्त काम आहे, कोणी गैरसमज करून घेऊ नका. त्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या की बरं, मंडळात सांगते.

वसंतात तो न्यू जर्सीत गायला आला. कार्यक्रमाआधी चाहत्यांनी रांगेतून जाऊन त्याला भेटायचं, प्रत्येकाला काही क्षण, अशी सोय होती. मुलीने आम्हा तिघींची तिकिटं काढली. रांगेत सगळ्या मुली जांभळ्या कपड्यांत, हातात जांभळे दिवे. आई पांढरी साडी नेसून आली होती. दारावरच्या धिप्पाड माणसाने बजावलं की हात मिळवायचा नाही, भेटवस्तू द्यायची नाही, थांबायचं नाही. मी आईला मराठीत सांगितलं. "बरं," आई म्हणाली.

तिची पाळी आली. गायकाने वाकून नमस्कार केला. आईने हात जोडले. "जय भीम."

त्याची दुभाषी बाई माझ्याकडे बघायला लागली. आमच्याकडचा नमस्कार आहे, असं मी सांगितलं. तिने त्याला सांगितलं आणि तो जपून म्हणाला, "जाई बीमु."

आईला तेवढं पुरलं. तिने डोळे मिटून सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि." धिप्पाड माणूस पुढे सरकला. पण गायक एकदम ताठ झाला, त्याने हात जोडले आणि तिच्याबरोबर म्हणायला लागला, "बुद्दान सारानान गाच्चामी." मालिकेसाठी तो हे शिकला होता, असं दुभाषीने मला नंतर सांगितलं.

मागच्या मुलींना वाटलं, ही त्याच्या चाहत्यांची नवी घोषणा आहे. दिवे वर गेले. "संघं सरणं गच्छामि"पर्यंत अख्खी रांग म्हणत होती आणि तो धिप्पाड माणूसही हळू आवाजात ओठ हलवत होता.

डोळे उघडून आई त्याला म्हणाली, "तुझं चीवर खांद्यावरून घसरत होतं. आतून पिन लावत जा."

मी इंग्रजीत सांगितलं, दुभाषीने जपानीत. त्याने अगदी गंभीरपणे मान डोलावली.

संध्याकाळी दोन गाण्यांच्या मध्ये सभागृहाने त्रिशरण म्हटलं. पुढच्या शहरात पुन्हा. मुलीने व्हिडिओ दाखवला तेव्हा आईचा चेहरा उतरला.

"ह्या पोरी संघंचं सॅंगम करतात."

मग तिने मुलीला सांगून व्हिडिओ कॉलवर वर्ग सुरू केला. टेक्सासच्या, ओहायोच्या मुली रविवारी सकाळी केस न विंचरता येऊन बसायच्या. आई त्यांना ताठ बसायला लावायची, "घ" म्हणवून घ्यायची. शेवटी त्या गायकाच्या नव्या सिनेमाबद्दल विचारायच्या आणि आईला जेवढं ठाऊक असेल तेवढं ती सांगायची. माझी मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करायची. एरवी तिला मराठी बोल म्हटलं की ती खोलीचं दार लावून घेते.

आई परत गेली तरी वर्ग चालू आहे. गायक आता एका विनोदी सिनेमात आचारी झालाय, आणि आईला ते काम त्याला शोभेल असं वाटत नाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. ओहायोची एक मुलगी दसऱ्याला नागपूरला येते म्हणतेय.

"राहील आपल्याकडंच," आई म्हणाली. "पण तिला तिखट चालंल का?"

मी म्हटलं, तिलाच विचार. आईने विचारलं. ती हो म्हणाली.