मे महिन्यातले पाहुणे

आमच्या खासगी कॉलेजात एप्रिल संपला की आम्हा कायम न झालेल्या प्राध्यापकांची नोकरीही संपायची. जूनमध्ये पुन्हा नेमणूक, तीही वर्गाला पुरेशी मुलं मिळाली तर. मग मुलं मिळवायची कोणी? आम्हीच. साठच्या दशकातले कितीतरी मे महिने मी खाडीकाठची गावं पालथी घालण्यात घालवले. तर्कशास्त्र शिकवणारा माणूस दारोदार विद्यार्थी मागत हिंडतो, हे बायकोला बघवत नसे. तिच्या भावानं मुंबईत एका कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. मीही विटलो होतो. हा शेवटचा मे, असं तिला सांगूनच त्या वर्षी नावडे नावाच्या गावी गेलो.

उन्हानं डोकं भणभणत होतं. एका अंगणात शिरून विचारलं, "मॅट्रिक झालेला मुलगा आहे का इथं?" लगेच धावपळ उडाली. खाट टाकली, वर गोधडी अंथरली, चहा आला. शेजारचे म्हातारे गोळा झाले. मुलगा धुतलेला सदरा घालून समोर उभा राहिला. मनात म्हटलं, शिक्षणाची केवढी ही कदर! तेवढ्यात त्याच्या आईनं विचारलं, "बहीन किती शिकलीय तुमची?"

लग्नसराईत इस्त्रीचे कपडे घालून मुलाची चौकशी करणारा परका माणूस म्हणजे मुलीकडचाच, हे मला कळायला हवं होतं. कॉलेजचं नाव काढताच म्हातारे एकेक करून उठले. इतका ओशाळलो की उरलेला चहा तसाच ठेवून मीही उठू लागलो.

आई मात्र बसून राहिली. "पाठवू पोराला," ती म्हणाली. "पन शाळंत दर सालाला मास्तर बदललं याचं. तुमी ऱ्हाल ना तिथं?"

मी हो म्हणालो. कुठल्या तोंडानं म्हणालो कोण जाणे. हातात ना नेमणूक होती, ना राहायची इच्छा.

जूनमध्ये वर्ग कसाबसा भरला. नेमणूक आली. मुंबईच्या कचेरीला काय ते लवकरच कळवतो म्हणून मी तात्पुरता रुजू झालो. पहिल्या तासाला तो मुलगा दारातच थांबला. आत डोकावून मी आहे याची खात्री केली आणि मगच बाकावर जाऊन बसला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, मुंबईचं नको म्हणून कळव भावाला.